पगारवाढ : आर्जव नको, हिशेब हवा

(खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजच्या व्याख्यानाला आपण ‘भरीव पगारवाढ मागावी कशी?’ असा विषय दिला आहे आणि त्याला एक अट जोडली आहे. मालकाशी असलेला सलोखा बिघडता कामा नये, ही ती अट. प्रथमदर्शनी ही अट भित्रेपणाची वाटण्याचा संभव आहे. मला ती तशी वाटत नाही. इथे बसलेल्यांपैकी कोणी दुकानात हिशेब लिहितो, कोणी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, कोणी पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात देखरेखीचे काम करतो. आपल्या पाठीशी संघटना नाही, वेतन आयोग नाही, महागाई भत्त्याचे कोष्टक नाही. मालक रोज समोर भेटतो, घरच्यांची विचारपूस करतो, दिवाळीला मिठाईचा पुडा देतो. अशा माणसापुढे मोठ्या वाढीचा विषय काढायचा म्हणजे पोटात गोळा येतो. उद्याही त्याच्याच शेजारी बसून काम करायचे असते. म्हणून सलोख्याचा प्रश्न आपल्यासाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

सलोखा राखण्यासाठी बहुतेक जण दोन मार्ग धरतात. एक, मागणी इतकी लहान करावयाची की नकार देणाऱ्यालाच संकोच वाटावा. दुसरा, आपल्या अडचणी सांगून मन द्रवेल अशी आशा धरावयाची. माझे म्हणणे असे आहे की या दोन्ही मार्गांनी पगारही वाढत नाही आणि सलोखाही टिकत नाही. सलोखा टिकतो तो मागणी तपासता येण्याजोगी केल्याने. मागणी केवढी मोठी आहे याला त्या मानाने कमी महत्त्व आहे. हे म्हणणे मी आता उदाहरणांनी मांडतो.

माझा एक जुना विद्यार्थी एका व्यापारी पेढीत हिशेबनीस आहे. मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरावयाचे होते, आई आजारी होती. त्याने मालकाकडे जाऊन हे सर्व सांगितले आणि ‘काहीतरी बघा’ म्हणाला. मालक सज्जन. त्यांनी तत्काळ वीस हजार रुपयांची उचल दिली आणि दरमहा दोन हजार कापून घेण्याचे ठरले. विद्यार्थी कृतज्ञ होऊन बाहेर पडला. पगारवाढ मागावयास गेलेला माणूस कर्ज घेऊन परत आला, आणि वर उपकाराचे ओझे! मालकाचे यात काहीच चुकले नाही. त्यांच्यापुढे एक अडचण ठेवली गेली, त्यांनी अडचण दूर केली. कामाचे मोल हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलाच गेला नव्हता.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती तान्ह्या मुलाला लागू आहे, हिशेबनिसाला नाही. रडून जे मिळते ते देणाऱ्याच्या दयेचे मोजमाप असते आणि पुढच्या वेळी अधिक मोठ्याने रडावे लागते. शेवटी ऐकणाराही कंटाळतो. सलोखा अशाने झिजतो.

मग माणसाच्या गरजेला वेतनाच्या प्रश्नात स्थानच नाही काय? अवश्य आहे. 1957 साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले, ते गरजेवरच आधारलेले होते. कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकक धरावे, प्रौढ माणसाचा आहार 2700 उष्मांकांचा धरावा, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. पुढे 1991 साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणाची तरतूद अशांसाठी आणखी 25 टक्क्यांची भर त्यात घालावयास सांगितली. इथे गरज आहे, पण ती एकट्यादुकट्याची करुण कहाणी राहिलेली नाही. ती सर्वांना सारखी लागू पडणारी मोजपट्टी झाली आहे. मोजपट्टी पुढे ठेवणारा माणूस ताठ उभा राहू शकतो.

आता त्याच विद्यार्थ्याचा हिशेब पाहू. 2019 च्या एप्रिलमध्ये त्याला 18,000 रुपये मिळत होते. दरवर्षी साधारण 3 टक्के वाढ मिळत गेली आणि 2025 च्या एप्रिलमध्ये पगार 21,500 झाला. साडेतीन हजारांनी वाढला, असे तोही म्हणे आणि मालकही म्हणत. परंतु या सहा वर्षांत भाववाढ वर्षाला सरासरी 5 टक्के धरली (प्रत्यक्ष सरकारी आकडा बहुतेक वर्षी याहून वरच होता), तर 18,000 रुपयांत 2019 साली जे येत होते त्याला 2025 साली सुमारे 24,100 रुपये लागतात. चक्रवाढीने ही 34 टक्क्यांची चढण आहे. म्हणजे त्याचे 21,500 रुपये 2019 च्या भावाने अवघे 16,000 च्या आसपास भरतात. सहा वर्षे ‘वाढ’ घेत घेत त्याचे खरे वेतन 11 टक्क्यांनी घटले होते! पैशातले वेतन आणि खरे वेतन यांतला हा भेद आम्ही पदवीच्या वर्गात पहिल्या काही तासांतच शिकवतो. विद्यार्थी परीक्षेत तो बिनचूक लिहितात आणि स्वतःच्या पगाराला मात्र कधीच लावून पाहत नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण ‘भरीव वाढ’ म्हणून घाबरतो तिचा मोठा भाग हा केवळ होते तिथे परत येण्याचा खर्च असतो. ती वाढच नव्हे. म्हणून मागणीचे दोन भाग करावेत आणि ते वेगवेगळे मांडावेत. पहिला, भाववाढीने खाल्लेले भरून काढण्याचा. दुसरा, काम वाढले असेल तर त्याच्या मोबदल्याचा. आमच्या हिशेबनिसाकडे या काळात जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम आले होते. पूर्वी पेढी त्यासाठी बाहेरच्या माणसाला दरमहा 4,000 रुपये देत असे. 24,100 मध्ये हे मिळवले की 28,000 च्या घरात आकडा जातो. 21,500 वरून 28,000 म्हणजे 30 टक्के वाढ. तोंडी सांगितली तर छाती दडपवणारी. कागदावर मांडली तर चार ओळींची बेरीज.

तो कागद घेऊन तो पुन्हा गेला. गर्दीच्या वेळी, गिऱ्हाइकांसमोर विषय काढला नाही. आदल्या दिवशी ‘उद्या अर्धा तास हवा आहे, पगाराविषयी बोलायचे आहे’ असे सांगून ठेवले. अचानक गाठलेला माणूस बचावाचा पवित्रा घेतो. आधी कल्पना असलेला माणूस विचार करून येतो. मालकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘अरे, तू घरचाच आहेस. घरच्या माणसाने असा हिशेब मांडायचा?’’

मित्रहो, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले असेल. ते कपटाने उच्चारलेले असतेच असे नाही. पुष्कळदा बोलणाऱ्याची तशी खरीच भावना असते. पण या वाक्याला फार मोठा इतिहास आहे, आणि सलोख्याच्या प्रश्नाची सारी गुंतागुंत त्यात आहे. म्हणून आपल्या हिशेबनिसाला क्षणभर तिथेच बसवून आपण 1918 सालच्या अहमदाबादेत जाऊ.

1917 साली अहमदाबादेत प्लेगची साथ आली. विणकर गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी त्यांना ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काही जणांच्या बाबतीत तो मूळ वेतनाच्या 70 ते 80 टक्क्यांपर्यंत होता. साथ ओसरली, तसा 1918 च्या आरंभी तो बंद करण्याचा निर्णय झाला. युद्धकाळातील महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी 50 टक्के वाढ मागितली. मालक 20 टक्क्यांवर अडून राहिले. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन या त्यांच्या सख्ख्या भगिनी. गांधीजींचा अंबालालांशी स्नेह होता. सलोखा जपण्याची निकड याहून अधिक कोणाला असणार?

गांधीजींनी सर्वप्रथम काय केले? त्यांनी आकडे गोळा केले. अहमदाबादचे वेतन, मुंबईचे वेतन, जिनसांचे भाव, गिरण्यांची स्थिती, हे सर्व पाहून ते 35 टक्क्यांच्या निष्कर्षावर आले आणि 50 टक्क्यांची मागणी 35 वर आणण्यास त्यांनी कामगारांना राजी केले. मालकांना खूष करण्यासाठी हे केले नव्हते. जेवढे सिद्ध करता येते तेवढेच मागावे, हा त्यामागचा विचार होता. आणि एकदा आकडा ठरल्यावर त्याखाली यावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा झाली. 22 फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे, रोज पत्रक निघे. शांतता मोडावयाची नाही आणि मालकांविषयी कटुता धरावयाची नाही, हा त्या सभांचा नित्यपाठ होता.

मालकांचे उत्तर काय होते? आमचे आणि मजुरांचे नाते बाप-लेकरांचे आहे, त्यात तिसऱ्याने पडण्याचे कारण नाही, लवाद कशाला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘तू घरचाच आहेस’ या वाक्याचा हाच मोठा भाऊ! नाते पुढे करून हिशेब मागे सारावयाचा. वस्तुतः घरातसुद्धा भावाभावांची वाटणी होते तेव्हा मोजणी होते, कागद होतो, आणि ज्या घरात तो नीट होतो त्याच घरातले भाऊ पुढे एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात.

लढा लांबला, कामगारांच्या घरी चूल पेटेनाशी झाली, निर्धार डळमळू लागला. 15 मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि 18 मार्चला तडजोड झाली. तडजोडीची रीत मोठी मनोज्ञ आहे : पहिल्या दिवशी 35 टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी 20 टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला, तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईतो दोहोंच्या मधले साडेसत्तावीस. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव यांना नेमले, आणि त्यांनी अखेर 35 टक्क्यांचाच निवाडा दिला. 1920 साली अहमदाबादेत मजूर महाजन स्थापन झाले आणि लवादाने तंटे सोडवण्याची प्रथा तिथे रुजली.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी उचलतो. एक, समोरच्याला मागे येण्यासाठी सन्मानाची पायवाट ठेवावी. मालकाने एकदा ‘नाही’ म्हटले की ते फिरवणे त्याला जड जाते. त्याला टप्पे सुचवता आले, मुदत सुचवता आली, तर आपला शब्द न मोडता तो होकार देऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आपल्या उपोषणात एक दोष होता, हे गांधीजींनी स्वतः लिहून ठेवले आहे. मालकांचा त्यांच्यावर जिव्हाळा होता आणि उपोषणाचे दडपण त्या जिव्हाळ्यावर पडले, ही गोष्ट त्यांना सलत राहिली. स्नेहाचा पट्टा करून दुसऱ्याला ओढू नये. मालकाने ‘घरचाच आहेस’ म्हणून कमी देऊ नये, आणि आपणही ‘इतकी वर्षे निष्ठेने राहिलो’ म्हणून गळ घालू नये.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्या अंगणातलेच आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. त्या शोकांतिकेची कारणे अनेक आहेत आणि आज मी त्यांत शिरत नाही. पण एक कारण आपल्या विषयाशी थेट भिडते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. ज्यांचा विश्वास होता त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्यावर विश्वास नव्हता. बोलण्याचे दार बंद असले की मागणी वाजवी असूनही तिचे रूपांतर युद्धात होते. म्हणून दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या कागदानिशी बोलण्याची प्रथा लहानशा पेढीतही पाडून घेणे, ही सलोख्याची सर्वांत खात्रीची तरतूद आहे. सहा वर्षे गप्प बसून सातव्या वर्षी 30 टक्के मागणाऱ्याची गोष्ट मालकाला आकाशातून पडल्यासारखी वाटते, यात नवल नाही.

आता मालकाच्या बाजूचाही हिशेब पाहिला पाहिजे. तो पाहिल्याशिवाय मागणी पुरी होत नाही. हेन्री फोर्डने 1914 च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर केले, म्हणजे प्रचलित दराच्या दुपटीहून अधिक. त्यात औदार्य किती होते हे सोडा. आदल्या वर्षी त्याच्या कारखान्यात माणसे सोडून जाण्याचे प्रमाण 370 टक्के होते. म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवण्यासाठी सरासरी तीनचार वेळा नवा माणूस घ्यावा लागत होता. त्या वेतनाबरोबर कामगारांच्या घरात डोकावणारा एक खास विभागही फोर्डने नेमला, हे विसरू नये. जास्त पगार देणारा जास्त हक्क गाजवू पाहतो, याचा तो नमुना आहे. तथापि मूळ हिशेब खरा होता. जाणकार माणूस सोडून गेल्याचा खर्च वहीत कोणत्याही खात्यावर लिहिला जात नाही, पण तो होतोच. नव्याला शिकवण्यात महिने जातात, चुका होतात, जुनी गिऱ्हाइके ‘ते पूर्वीचे गृहस्थ कुठे गेले?’ म्हणून विचारतात.

हिशेबशास्त्रात ‘गुडविल’ नावाची एक मत्ता असते. पेढी विकताना मालमत्तेच्या किमतीहून अधिक जी रक्कम मिळते, ती या नावलौकिकाची. हा नावलौकिक कोणी कमावला? टेबलापलीकडून नीट बोलणाऱ्या, बिल बिनचूक करणाऱ्या, वेळेवर माल पोहोचवणाऱ्या माणसांनीही. मालकाच्या सद्भावनेची आपल्याला जशी गरज आहे, तशी आपल्या सद्भावनेची त्यालाही आहे, आणि त्याच्या बाजारात तिला रोख किंमत आहे. मागणी करताना ही जाणीव मनात असावी. बोलून दाखवण्याची आवश्यकता नाही.

ताकदीचे पारडे समसमान आहे, असे मात्र मी सांगणार नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 सालीच लिहून ठेवले की वेतन वाढू न देण्याविषयी मालकांचा आपसांत न बोलता एकोपा असतो, आणि तंटा लांबला तर मालक दीर्घकाळ तग धरतो, मजुराला आठवडाही निभावणे कठीण जाते. म्हणून सोडून जाण्याची धमकी हे हत्यार जपून वापरावे. दुसरीकडची जागा खरोखर हातात असेल आणि खरोखरच जावयाचे असेल, तरच तो शब्द उच्चारावा. पोकळ धमकी एकदा उघडी पडली की पुढे आपल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपला हिशेबनीस अजून मालकांसमोर बसला आहे. ‘तू घरचाच’ या वाक्यावर तो इतकेच म्हणाला, ‘‘शेठ, यातला कोणता आकडा चुकीचा वाटतो तेवढे सांगा. चुकला असेल तर मी दुरुस्त करतो.’’ मित्रहो, सबंध व्याख्यानातले एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल तर हे ठेवा. यात उर्मटपणा नाही आणि लाचारीही नाही. मालक आणि नोकर समोरासमोर उभे होते, ते या वाक्याने एका कागदाच्या एकाच बाजूला येऊन बसले. मालकांनी आठवड्याची मुदत घेतली. मग 25,000 तत्काळ आणि उरलेले 3,000 दिवाळीनंतर, असे ठरले. आणि ते दोन ओळींत लिहून घेतले गेले. दोघांचे संबंध आजही उत्तम आहेत.

प्रत्येक ठिकाणी असेच घडेल असे नाही. आकडे मान्य करूनही ‘धंद्यात तेवढे निघत नाही’ असे मालक म्हणेल, आणि ते खरेही असू शकेल. मग कधी निघेल, कशावरून कळेल, तोवर कामाचे तास किंवा वाढीव काम कमी होईल काय, हे विचारावे. जो यावरही बोलावयास तयार नाही, त्याच्याशी सलोखा मुळात नव्हताच. आपण गप्प होतो म्हणून तो आहेसा वाटत होता.

शेवटचा मुद्दा. एकट्याने जाऊन आणलेली वाढ पुष्कळदा ‘कोणाला सांगू नकोस’ या अटीवर मिळते. ही अट मान्य करू नये. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तेच काम करून आपल्याहून कमी मिळत असेल, आणि कौतुकावर त्यांची बोळवण होत असेल, तर आपल्या वाढीचा पाया उद्या ठिसूळ होतो. म्हणून ‘मला वाढवा’ असे न म्हणता ‘या कामाचे इतके होतात’ असे मागावे. जी मोजपट्टी आपण वापरली ती शेजारणीच्या हाती द्यावी. चार जणांनी तोच हिशेब मांडला की तो चार जणांचा हट्ट राहत नाही, त्या पेढीचा नियम होतो. आणि नियम झाला की मालकाशी दरवर्षी नव्याने मन घट्ट करून बोलण्याची वेळ कोणावरच येत नाही.

आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन आकडे लिहा : रुजू झालात तेव्हाचा पगार, आजचा पगार, आणि त्या जुन्या पगाराची आजच्या भावाने होणारी किंमत. पुढचे बोलणे त्या कागदावरून सुरू करा.